आजोबा नगरला होते? मग बटालियन चौथी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याला नॉरफोक नावाची काउंटी आहे. सपाट, शेतीवाडीची, बीट आणि बार्ली पिकवणारी. तिथल्या एखाद्या घरात दुसऱ्या महायुद्धातल्या आजोबांची गोष्ट साधारण अशी सांगितली जाते: आजोबा लढाईला निघाले ते अमेरिकेच्या जहाजातून. आधी कॅनडा, मग आफ्रिकेचं टोक, मग मुंबई. एवढ्या प्रवासात जहाजावर बिअरचा थेंब मिळाला नाही, याचा राग त्यांना मरेपर्यंत होता. मुंबईहून रेल्वेने ‘नगर’ की असंच काहीतरी नाव असलेल्या गावी नेलं, तिथे काही आठवडे कवायत झाली. मग सिंगापूर. आणि तिथे पोचून तीन आठवडे व्हायच्या आत सगळेच्या सगळे जपान्यांचे कैदी.

नातवंडं इतिहासाचं पुस्तक उघडतात आणि पहिल्याच वाक्याला अडखळतात. अमेरिका युद्धात उतरली ७ डिसेंबर १९४१ नंतर. आजोबा घरून निघाले ऑक्टोबरात. तटस्थ देशाच्या नौदलाने ब्रिटिश पायदळ लढाईवर कसं नेलं असेल? म्हाताऱ्याची काहीतरी गफलत होत असणार, असं ठरवून ती गोष्ट बाजूला पडते.

गफलत काही नाही, सगळं खरं आहे. बिअरसुद्धा.

परदेशी लढलेल्या ब्रिटिश शिपायांच्या घरगुती आठवणी कशा तपासतात, कागदांशी कशा जुळवतात आणि कुठे फसायला होतं, ते या लेखात बघू. उदाहरण म्हणून नॉरफोकचंच पायदळ घेतलंय, कारण त्यात नगर आहे (आताचं अहिल्यानगर), आणि या सगळ्या भानगडीचा एक कच्चा नियमही त्यात छान दिसतो. घरच्या आठवणीतला विचित्र, निरुपयोगी तपशील सहसा खरा निघतो. गोळीबंद, ऐकताना अंगावर काटा आणणारी गोष्ट मात्र आधी संशयाने बघावी.

सुरुवात रेजिमेंट आणि बटालियन यांच्या फरकापासून करावी लागते, कारण नव्वद टक्के गोंधळ तिथेच होतो. ‘आजोबा रॉयल नॉरफोक रेजिमेंटमध्ये होते’ एवढ्यावरून ते कुठे लढले हे कळत नाही. ब्रिटिश पायदळात रेजिमेंट म्हणजे भावकी आणि बटालियन म्हणजे घर. भावकीचं नाव एक, टोपीवरचा बिल्ला एक, जुन्या पराक्रमाच्या कथा एक, पण चूल प्रत्येक घराची वेगळी. लढाईवर जाते ती बटालियन, साधारण आठशे माणसांची. एकाच रेजिमेंटच्या बटालियन एकाच वेळी वेगवेगळ्या खंडांत असायच्या आणि एकमेकींचं तोंडही बघायच्या नाहीत. लँकेशायर फ्युझिलियर्सचीच गोष्ट घ्या: दुसरी बटालियन ट्युनिशिया आणि इटलीत लढली, दहावी ब्रह्मदेशातल्या आराकानमध्ये, आणि पहिली १९४४ साली चिंडिट (जपान्यांच्या पिछाडीला घुसून लढणारं दल) होऊन ब्रह्मदेशाच्या जंगलात शिरली. तिघांच्या नातवंडांकडे बिल्ला एकच आहे.

नॉरफोकच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या बटालियन टेरिटोरियल होत्या. म्हणजे शांततेच्या काळात आठवड्याची कामं सांभाळून संध्याकाळी कवायतीला जाणारे स्थानिक लोक. शेतमजूर, दुकानातले नोकर, कारकून. एका गल्लीतले मित्र, एका घरातले भाऊ एकत्र भरती व्हायचे. युद्ध सुरू झाल्यावर यांच्यात सक्तीच्या भरतीतले लोक मिसळले, तरी गाभा गावचाच राहिला. या तिन्ही बटालियन अठराव्या डिव्हिजनमध्ये होत्या (काही बटालियन मिळून ब्रिगेड, काही ब्रिगेड मिळून डिव्हिजन). शेजारच्या सफोक आणि केंब्रिजशायरच्या बटालियनही त्यातच. त्यामुळे फेब्रुवारी १९४२ मध्ये ही डिव्हिजन पकडली गेली तेव्हा पूर्व इंग्लंडच्या एका पट्ट्यातल्या गावागावांवर एकदमच आभाळ कोसळलं.

आता तो प्रवास. १९४१ च्या सप्टेंबरात चर्चिल यांनी रूझवेल्ट यांच्याकडे सैन्य वाहून न्यायला जहाजं मागितली आणि रूझवेल्ट यांनी ती दिली. डिव्हिजन ऑक्टोबरच्या अखेरीस ब्रिटिश जहाजांतून कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात गेली आणि तिथे अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर चढली. ‘वेकफिल्ड’, ‘वेस्ट पॉइंट’, ‘माउंट व्हर्नन’ ही त्यातली मोठी, सगळी मूळची आलिशान प्रवासी जहाजं. १० नोव्हेंबरला ताफा निघाला. अमेरिका अजून तटस्थच होती. अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर १९१४ पासून दारूबंदी आहे, म्हणून बिअर नाही. हा तपशील कुणी मुद्दाम रचून सांगेल का? पराक्रमाची गोष्ट रचणारा माणूस तोफा वाढवतो, बिअर कमी करत नाही.

त्रिनिदादवरून ताफा ९ डिसेंबरला केपटाउनला लागला. दोनच दिवसांपूर्वी पर्ल हार्बरवर बाँब पडले होते. माणसं आणि सामान सगळं मध्यपूर्वेच्या हिशेबाने तयार केलेलं होतं, आणि आता अख्खा नकाशाच बदलला. इथून ताफ्याची फाटाफूट झाली आणि आपल्या कामाची खूण याच फाटाफुटीत आहे. ‘माउंट व्हर्नन’वर ५३ वी ब्रिगेड होती: नॉरफोकची पाचवी, नॉरफोकची सहावी आणि केंब्रिजशायरची दुसरी बटालियन. हे जहाज पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासाला गेलं आणि तिथून १३ जानेवारी १९४२ ला थेट सिंगापूरला. ही माणसं दोन महिने जहाजावर बसून आखडलेली, तशीच सिंगापूरच्या उत्तरेला मलायातल्या जोहोरच्या लढाईत ढकलली गेली. नॉरफोकची चौथी बटालियन मात्र ५४ व्या ब्रिगेडमध्ये. ती उरलेल्या ताफ्याबरोबर २७ डिसेंबरला मुंबईला उतरली, घाट चढून नगरला आली, तीनेक आठवडे राहिली, २३ जानेवारीला पुन्हा मुंबईहून निघाली आणि २९ जानेवारीला सिंगापूरला पोचली.

म्हणजे आजोबा ‘मोंबासा’ म्हणत असतील तर पाचवी किंवा सहावी. ‘नगर’ म्हणत असतील तर चौथी. दोन्ही ठिकाणी बिल्ला तोच, रेजिमेंट तीच, शेवट तोच, पण मधली लढाई वेगळी. एका गावाच्या नावावर बटालियन ठरते. अशा वेळी घरच्यांनी नाव कसंही लिहिलेलं असलं, ‘अमनगर’ काय किंवा ‘अम्मेड नुगर’ काय, तरी घाबरायचं नाही. शिपायाने ते कानाने ऐकलं, बायकोने तिच्या कानाने ऐकलं आणि मुलाने जमेल तसं लिहिलं. मोठ्याने वाचलं की गाव सापडतं.

जाता जाता सांगतो, आपल्याकडे ‘१९४२ आणि नगर’ म्हटलं की किल्ल्यात नेहरू, आझाद, पटेल आठवतात. ते ऑगस्टमध्ये आले. त्यांच्या सात महिने आधी त्याच गावातल्या लष्करी छावणीत नॉरफोकची पोरं रेतीतल्या लढाईच्या तयारीने आलेली होती आणि रबराच्या मळ्यांत लढायला चालली होती. पुढे याच नगर परिसरात ब्रिटिशांची दुसरी डिव्हिजन बराच काळ होती; १९४४ साली कोहिमाचा वेढा फोडायला धावली ती हीच. त्यामुळे ब्रिटिश घरातल्या गोष्टीत नगर आलं की वर्षही विचारायला हवं. जानेवारी १९४२ असेल तर पुढे सिंगापूर आणि कैद. १९४३ असेल तर पुढे नागालँड.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. ऐंशी हजारांवर ब्रिटिश, भारतीय आणि ऑस्ट्रेलियन सैनिक एका दिवसात कैदी झाले. आणि नॉरफोकमधल्या घरांना काय कळलं? काहीच नाही. ‘बेपत्ता’ असं सांगणारा छापील सरकारी फॉर्म आला आणि मग कित्येक घरांत वर्षभर, काहींत त्याहून जास्त, पूर्ण शांतता. इतिहासाच्या पुस्तकात हा काळ एका ओळीत उरकतो. घरच्या आठवणीत मात्र तोच सगळ्यात मोठा असतो, कारण घर त्या काळात जगलं. आजीची सगळी गोष्ट त्या पोस्टमनभोवती फिरते.

मग १९४३ मध्ये कधीतरी एक कार्ड यायचं. वर जपानी शाही सेनेचं नाव छापलेलं. खाली छापील वाक्यं: मी अमुक ठिकाणी नजरकैदेत आहे, माझी तब्येत उत्तम, बरी किंवा खराब आहे, मी पगारावर काम करतो आहे. नको ते शब्द खोडायचे, खाली सही. शेवटी ‘तुम्हाला प्रेम’ हेसुद्धा छापीलच. घरून उत्तर लिहायचं तर मर्यादा पंचवीस शब्दांची. ही कार्डं आजही घरोघरी ड्रॉवरमध्ये असतात, आणि नातवंडांना ती वाचून वाटतं की आजोबांचं बरं चाललं होतं. ‘तब्येत उत्तम’ या शब्दांवर आजोबांचा काही हक्क नव्हता. या कार्डावरून पक्क्या कळणाऱ्या गोष्टी दोनच: सही आजोबांची आहे, आणि सही केली तेव्हा ते जिवंत होते. मजकुराकडे दुर्लक्ष करून सहीचं अक्षर बघावं. १९४१ च्या पत्रातली सही शेजारी ठेवली तर हात किती कापत होता ते दिसतं.

खरी परिस्थिती ब्रिटनमध्ये हळूहळू फुटली. जानेवारी १९४४ मध्ये परराष्ट्रमंत्री ईडन यांनी संसदेत जपानी छावण्यांतल्या हालांबद्दल निवेदन केलं. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘राकुयो मारू’ हे कैदी नेणारं जपानी जहाज अमेरिकी पाणबुडीने बुडवलं, ते आत कोण आहे हे माहीत नसताना. वाचलेल्यांपैकी काहींना पुढे अमेरिकी पाणबुड्यांनीच उचललं. जपान्यांनी कैद्यांना राबवून बांधलेल्या ब्रह्मदेश-सयाम (म्हणजे थायलंड) रेल्वेबद्दल डोळ्यांनी बघितलेली पहिली माहिती त्यांनी आणली. आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये माणसं साउदॅम्प्टन, लिव्हरपूलला उतरायला लागली तेव्हा घरच्यांना रेल्वे, कॉलरा, उपासमार हे शब्द पेपरातून आधीच माहीत होते.

तरी ती बोलली नाहीत. ‘आमचे आजोबा कधीच बोलले नाहीत’ हे वाक्य तर अशा प्रत्येक घरात असतं आणि त्याचं कारण सगळे मानसिक धक्का एवढंच देतात. धक्का होताच. पण एक साधं, कागदावरचं कारणही होतं. सुटलेल्या कैद्यांच्या हातात १९४५ साली एक छापील पत्रक दिलं गेलं. जिभेला आवर घाला, असा त्याचा मथळा. तुमचे जे सहकारी मेले त्यांच्या घरच्यांना असल्या गोष्टी छापून आलेल्या वाचून विनाकारण त्रास होईल, असा त्यातला मुद्दा. पत्रकात बोलायची बंदी होती ती प्रामुख्याने वर्तमानपत्रांशी. पण ऐकणाऱ्याने ती किती लांब ताणली? नॉरफोकच्या एखाद्या खेड्यात तर मेलेल्याची आई शेजारच्याच घरात राहत होती. तिच्यापासून गुपित ठेवायचं तर स्वतःच्या बायकोलाही सांगून चालणार नव्हतं. म्हणून ‘बोलले नाहीत’ या वाक्याचा अर्थ लावताना गाव किती लहान होतं हेही विचारात घ्यावं.

आता पदकं. घरात पदकं असली की लोकांना वाटतं, सगळं त्यावर लिहिलेलं असेल. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट कोरलेली असायची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने तो खर्च वाचवला. पदकं कोरी, आणि तीही अर्ज केला तर पुठ्ठ्याच्या डबीत पोस्टाने. कित्येकांनी अर्जच केला नाही. भारतीय सैन्यातल्या शिपायांना मिळालेल्या त्याच युद्धाच्या पदकांवर मात्र नाव घातलेलं असे. म्हणजे साताऱ्यातल्या एखाद्या घरात तसलं पदक असेल तर मागे आजोबांचा नंबर आणि नाव सापडू शकतं, आणि नॉरफोकच्या घरातल्या पदकाची पाठ गुळगुळीत. साम्राज्याच्या कारभारात भारतीय शिपायाच्या पारड्यात जास्त पडल्याची उदाहरणं फार नाहीत, म्हणून एवढं सांगितलं.

पदकावरून आणखी एक हमखास भांडण होतं. आजोबा ब्रह्मदेशच्या रेल्वेवर राबले, मग त्यांना बर्मा स्टार का नाही? पदक राबण्याचं नसतं, लढण्याच्या ठिकाणाचं असतं. अठरावी डिव्हिजन मलाया-सिंगापुरात लढली, त्यासाठी पॅसिफिक स्टार. उलट बंगाल-आसामात काही ठरावीक काळ नोकरी केलेल्यांना ब्रह्मदेशात पाऊल न टाकताही बर्मा स्टार मिळाला. तेव्हा पदक बघून गोष्ट रचू नये. साडेतीन वर्षांच्या कैदेसाठी वेगळं पदक नव्हतंच.

मग कागद. पहिल्या महायुद्धाच्या शिपायांचे सेवा-कागद लंडनमध्ये वॉलवर्थ भागातल्या ज्या गोदामात होते त्यावर सप्टेंबर १९४० मध्ये बाँब पडला आणि सुमारे ६० टक्के कागद जळाले. उरलेल्यांच्या कडा करपलेल्या आहेत. त्यामुळे पणजोबांचा कागद मिळाला नाही तर पणजोबा सैन्यात नव्हतेच असं होत नाही. दुसऱ्या महायुद्धाचे कागद शाबूत आहेत. संरक्षण मंत्रालयाकडचे ९७ लाखांवर दस्तऐवज २०२२ पासून लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात हलवायला सुरुवात झाली. तिथे शिपायाच्या कागदांत ‘कॅज्युअल्टी फॉर्म’ असतो. तो बघून घरचे हादरतात, केव्हा जखमी झाले होते म्हणून. त्या फॉर्मवर फक्त जखमा नसतात. रजा, बदली, दवाखाना, बढती, जहाजावर चढणं, उतरणं, जे काही बदललं ते सगळं त्यावर एकेका ओळीत. आजोबांना कुठेही लागलेलं नसलं तरी फॉर्म तोच.

पण जपानी कैदेतल्या शिपायांचा सगळ्यात बोलका कागद जपान्यांनीच बनवलेला आहे. प्रत्येक कैद्यामागे एक छापील कार्ड. पन्नास हजारांवर अशी कार्डं ब्रिटनकडे आली आणि आज क्यूला आहेत. एक कार्ड नीट बघू. रकान्यांची नावं जपानी आणि इंग्रजी दोन्हींत. नाव, हुद्दा, तुकडी, जन्मतारीख. वडिलांचं नाव. आईचं नाव. कुठला राहणारा. कुणाला कळवायचं, तिथे बायकोचा किंवा आईचा पत्ता. आणि मुलकी धंदा: शेतमजूर, खाटीक, बस कंडक्टर. ब्रिटिश सैन्याच्या कुठल्याही रोजच्या कागदावर शिपायाच्या आईचं नाव इतक्या सहज दिसत नाही.

पकडल्याच्या तारखेच्या रकान्यात लिहिलेलं असतं १७.२.१५. नातवंडं ते १७ फेब्रुवारी १९१५ असं वाचतात आणि म्हणतात, आजोबांचा तेव्हा जन्मही नव्हता, हे कार्ड दुसऱ्याच कुणाचं आहे. जपानी तारीख वर्षापासून सुरू होते आणि वर्ष सम्राटाच्या कारकिर्दीचं असतं. शोवा १७ म्हणजे १९४२. १७.२.१५ म्हणजे १५ फेब्रुवारी १९४२, सिंगापूर पडलं तो दिवस. एवढं कळलं की बाकीच्या तारखाही आपोआप उलगडतात. कार्डावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तांबड्या तिरक्या रेघा मारलेल्या असतील तर तो माणूस कैदेत मेला. त्या रेघांना भाषांतर लागत नाही.

जिवंत सुटलेल्यांनी १९४५ साली एक प्रश्नावली भरली. कुठल्या छावणीत कधी ते कधी, छावणीचा आपला अधिकारी कोण, आजार कोणते, पळायचा प्रयत्न केला का, घातपात केला का. काहींनी ती दोन ओळींत उरकली. काहींनी समासात लिहिलंय. एखाद्या माणसाने लेखी दिलेला सगळ्या आयुष्यातला एकुलता एक युद्धाचा जबाब हाच असू शकतो.

कागद खरा आणि आठवण खोटी, असं मात्र मानून चालू नका. प्रत्येक बटालियन रोजची युद्ध-डायरी लिहायची आणि ती संशोधकांना वेदासारखी असते. सिंगापुरात शरणागतीच्या वेळी यांपैकी कित्येक डायऱ्या नष्ट झाल्या किंवा नष्ट केल्या गेल्या. आज ज्या दिसतात त्यांतल्या काही नंतर, कैदेत किंवा सुटल्यावर, अधिकाऱ्यांनी आठवून लिहिलेल्या आहेत. म्हणजे आजोबांच्या आठवणीवर ज्या कागदाने शिक्का मारायचा तोही कुणाच्यातरी आठवणीतूनच आलेला. फरक एवढाच की तो अधिकाऱ्याचा होता आणि टाइप केलेला होता. शिवाय डायरीत नावं येतात ती अधिकाऱ्यांची. शिपाई बहुतेक वेळा फक्त आकड्यात येतो.

आता गोळीबंद गोष्टींबद्दल. याच नॉरफोक रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनची पहिल्या महायुद्धातली एक कथा जगभर फिरली आहे. १२ ऑगस्ट १९१५, तुर्कस्तानातलं गॅलिपोली. बटालियनमध्ये राजाच्या सँड्रिंगहॅम इस्टेटीवर काम करणाऱ्यांची एक तुकडी होती, इस्टेटीचा व्यवस्थापक कॅप्टन बेक तिच्याबरोबर. हल्ल्यात कर्नल, सोळा अधिकारी आणि अडीचशे माणसं पुढे झाडीत शिरली आणि परत आली नाहीत. सेनापती हॅमिल्टन यांनी अहवालात लिहिलं की त्यांचा काही पत्ताच लागला नाही. घरच्यांना काहीही निश्चित कळलं नाही. ती पोकळी पन्नास वर्षांनी भरली गेली ती भलत्याच मालाने: १९६५ साली न्यूझीलंडच्या काही माजी सैनिकांनी सांगितलं की एक विचित्र ढग जमिनीवर उतरला, तुकडी त्यात चालत गेली, ढग वर उठला आणि माणसं नाहीशी झाली. मग काय, उडत्या तबकड्यांच्या पुस्तकांना खाद्यच मिळालं.

आणि गंमत बघा, उत्तर १९१९ सालीच मिळालेलं होतं. युद्ध संपल्यावर कबरी शोधणाऱ्या पथकाला, त्यात पाद्री पिअरपॉइंट एडवर्ड्स होते, तुर्की आघाडीच्या मागे बऱ्याच आत १८० मृतदेह सापडले. त्यातले १२२ खांद्यावरच्या बिल्ल्यांवरून नॉरफोकचे म्हणून ओळखले गेले. नावानिशी ओळख पटली ती फक्त दोघांची. सुमारे मैलभर परिसरात ते विखुरलेले होते. माणसं ढगात गेली नव्हती, वेढली गेली होती आणि मारली गेली होती. पण ‘खांद्यावरच्या बिल्ल्यावरून १२२’ हे वाक्य पुन्हा सांगावंसं कुणाला वाटणार? ढगाची गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला सोसवणारी. आपल्या माणसाचा शेवट झाडीत संगिनीने झाला, यापेक्षा ढग बरा.

दुसऱ्या युद्धाच्या कैद्यांच्या बाबतीत ढगाचं काम सिनेमाने केलं. क्वाय नदीवरच्या पुलाचा एक फार गाजलेला सिनेमा आल्यापासून रेल्वेवरच्या प्रत्येक आजोबांनी ‘तो पूल’ बांधला असं घरोघरी सांगितलं जाऊ लागलं. ४१५ किलोमीटरच्या त्या मार्गावर पूल शेकडो होते, बहुतेक लाकडी. थायलंडमध्ये तामार्कानजवळ जो लोखंडी पूल आज पर्यटक बघतात तो तेव्हा मे क्लाँग नदीवर होता. सिनेमा बघून लोक क्वाय शोधत यायला लागले, तेव्हा थायलंडने नदीच्या त्या भागाचं नावच बदललं. म्हणून आजोबा नेमके कुठल्या छावणीत होते हे प्रश्नावलीतून काढावं. ते तामार्कानला नसतील तर तो पूल त्यांचा नाही, आणि त्याने त्यांचे हाल कमी होत नाहीत. साठ हजारांवर युद्धकैदी त्या कामावर होते, बारा हजारांवर मेले. आशियाई मजूर त्याहून कितीतरी जास्त मेले, त्यांत मलायातल्या मळ्यांवरून नेलेले तमिळ लोकही होते. त्यांची कार्डं कुणी भरली नाहीत, त्यांच्या घरी काही आलं नाही.

मेलेल्या सैनिकांचा शोध त्या मानाने सोपा. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची यादी कुणालाही फुकट बघता येते आणि तीत भारतीय शिपायांचीही नावं आहेत. रेल्वेवर मेलेले बरेचसे थायलंडमध्ये कांचनबुरी इथे आहेत, डच सैनिक धरून सुमारे सात हजार. प्रेतं मायदेशी आणायची नाहीत हा नियम पहिल्या महायुद्धापासूनचा, साहेब असो की शिपाई. पुण्यात खडकीला दुसऱ्या महायुद्धातल्या १,६०० हून अधिक कबरी आहेत, त्याही याच नियमामुळे. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी मेलेल्यांच्या विखुरलेल्या कबरी नंतर तिथे एकत्र आणल्या गेल्या. तेव्हा खडकीला कबर आहे म्हणून माणूस पुण्यात मेला असं समजू नये. दगडावर खाली घरच्यांनी दिलेली एक ओळ असू शकते. ती मात्र शंभर टक्के घरची आठवण, त्या काळात लिहिलेली, नंतर न बदललेली.

घरच्या आठवणीतल्या विचित्र तपशिलांचा सगळ्यात मोठा उपयोग इतिहासकारांपेक्षा डॉक्टरांना झाला. ‘बाबांच्या कमरेवर, पाठीवर अधूनमधून एक लाल, खाजरी वळवळती रेघ उठायची आणि काही तासांत सरकायची’ असं या घरांतली मुलं सांगायची. वर्षानुवर्षं त्याला नसांचा त्रास किंवा त्वचेचं दुखणं म्हटलं गेलं. लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेत १९४५ पासून पुढची पन्नासहून अधिक वर्षं दोन हजारांवर माजी कैदी तपासले गेले. त्यात त्या रेघेचं कारण सापडलं: स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत. रेल्वेवर अनवाणी चिखलात उभं राहून काम करताना तो तळपायातून आत शिरतो. इतर बरेच जंत काही वर्षांत मरून जातात. हा माणसाच्या आतच पुन्हा पुन्हा वाढतो आणि तीस-चाळीस वर्षं टिकतो. एरवी शांत असतो. पण म्हातारपणी दमा किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड दिलं तर तो अंगभर पसरून जीव घेऊ शकतो.

त्यामुळे १९८० च्या दशकात नॉरफोकमधल्या एखाद्या दवाखान्यात, स्टेरॉइड लिहून देण्याआधी, म्हाताऱ्याच्या मुलीला ‘वडील लढाईत कुठे होते’ हे माहीत असणं फार कामाचं होतं. रेजिमेंट नको, पदक नको. रेल्वेवर होते की नव्हते, एवढंच. ते कळलं की विष्ठेची आणि रक्ताची तपासणी करायची, जंत निघाला तर आधी त्यावर गोळ्या द्यायच्या, आणि मगच स्टेरॉइडचा विचार करायचा.